आईचा आकडा

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३ वाजून १० मिनिटे.

टायपिंगच्या दुकानात बसून मेट्रनबाईंचा कागद टाइप करत होतो. मालक जेवायला गेले आहेत, तोवर हे लिहून घेतो.

मेट्रनबाई म्हणजे रस्त्यापलीकडच्या रुग्णालयातल्या सगळ्या नर्सांच्या मुख्य. कॅन्सरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या नर्सांसाठी त्या वर्ग सुरू करत आहेत, दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी. विषय पॅलिएटिव्ह केअर. आजार बरा होण्यातला नसला तरी माणसाचा त्रास कमी करायचा, त्याच्याशी नीट बोलायचे, घरच्यांना धीर द्यायचा, असा त्याचा अर्थ कागदावर दिला आहे. वर्गाआधी नर्सांना काय माहीत आहे ते पाहायला तीस वाक्ये आहेत आणि प्रत्येकापुढे 'बरोबर' आणि 'चूक' अशा दोन चौकटी. मेट्रनबाईंचे अक्षर वळणदार, पण ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांचे भांडण असावे. सगळ्या चुका मी न विचारता दुरुस्त केल्या. दहावीनंतर माझी शाळा सुटली, शुद्धलेखन सुटले नाही.

सातवे वाक्य: 'वेदनेसाठी मॉर्फिन दिले की रुग्णाला त्याचे व्यसन लागते.' टाइप करताना मनातल्या मनात 'बरोबर'वर खूण केली. इतके सोपे विचारायचे तर परीक्षा कशाला?

कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ आहे, शून्यापासून दहापर्यंत. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आकडा रुग्णाने स्वतः सांगायचा. रेघेवरचे अकराही आकडे सारख्या अंतरावर यायला माझा जीव मेटाकुटीला आला.

आई त्याच रुग्णालयात आहे, तीन नंबरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. कॅन्सर मणक्यापर्यंत पोचला आहे. तिला आम्ही 'मणक्याला सूज आहे' असे सांगितले आहे. तिच्या कानावर खरे जाता कामा नये, असे मामाने डॉक्टरांना हात जोडून सांगितले. वॉर्डाच्या दारावर नुसता 'तीन' लिहिला आहे, 'कॅन्सर' नाही, ते बरे आहे.

बाबा गेल्यापासून आम्ही दोघेच. तिला काय हवे, काय नको, हे माझ्याइतके कोणाला कळणार?

६ फेब्रुवारी, गुरुवार.

आज पहिला वर्ग झाला आणि संध्याकाळीच त्याचा प्रताप दिसला.

खाटेजवळ एक लोखंडी स्टूल असते. ते माझे आहे, म्हणजे रुग्णालयाचेच, पण दुकान सुटल्यावर रोज मीच त्यावर बसतो. मी पाण्याची बाटली भरून आणेपर्यंत एक सिस्टर त्यावर बसली होती. आजवर कोणी सिस्टर तिथे बसल्याचे मी पाहिले नाही. येतात, उभ्याउभ्या विचारतात, जातात. ही बसली. वर, "आज कसं वाटतंय, मावशी?" असे विचारून गप्प राहिली. नुसती बघत राहिली. मी बाटली घेऊन उभा, आई गप्प, ती गप्प. मला वाटले काहीतरी बिनसले आहे.

मग आई बोलायला लागली. सायकलवर बोलायला लागली! लहानपणी शेजाऱ्याची सायकल न विचारता पळवली, उतारावर ब्रेक लागेना, म्हणून सरळ चिखलाच्या डबक्यात शिरली, आणि घरी जाऊन 'मला म्हशीनं पाडलं' असे सांगितले. सिस्टर खळखळून हसली. आईही हसली.

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. आई सायकल चालवत होती हेच ठाऊक नव्हते. सव्वीस वर्षे मी तिच्याजवळ आहे आणि ही बाई पाच मिनिटे बसली.

जाताना मला म्हणाली, "बसा ना, दादा." माझ्याच स्टुलावर मला बसायला सांगते.

मी तिला 'स्टूलवाली' असे नाव ठेवले आहे. मनात.

९ फेब्रुवारी, रविवार.

दुकान बंद, म्हणून दिवसभर वॉर्डात होतो. आज जे झाले ते नीट लिहून ठेवतो.

डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की, आईचा दुखण्याचा आकडा पाचाच्या वर गेला तर ठरलेल्या औषधाशिवाय मॉर्फिनचा एक जादा डोस द्यायचा. मी रोज संध्याकाळी तिला आकडा विचारतो. दोन म्हणते. कधी तीन. आज दुपारी जेवण झाल्यावर विचारले, "आई, किती?" ती म्हणाली, "दोन रे. तू जा, चहा पिऊन ये. सकाळपासून बसून तुझीच पाठ धरली असेल."

चहा पिऊन आलो, तर खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर ताज्या शाईत 'आठ'! सही स्टूलवालीची. जादा डोस दिला होता आणि आई झोपी गेली होती.

दोनाचे आठ कसे होतात? मी चहाचा पेला खाली ठेवला नसेल तेवढ्यात? मी सिस्टरला विचारले. ती म्हणाली, "त्यांनी आठ सांगितला, दादा."

"मला दोन सांगितला."

"हो, असेल," म्हणाली. असेल! जसे काही मी खोटे बोलतो आणि ती मला माफ करते.

आता माझ्या लक्षात आले. दुपारी मी दुकानात असतो. हिच्याशी आई दुपारभर बोलते, मग ही आकडा फुगवून औषध देते आणि संध्याकाळी मी येतो तेव्हा आई पेंगते. हिच्या वाट्याला जागी आई, माझ्या वाट्याला झोपलेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

मालकांकडून एक तास लवकर सुट्टी मागून घेतली आणि सिस्टरची फेरी यायच्या आधीच स्टुलावर जाऊन बसलो. म्हटले, बघू आता कुठे बसते.

आली. माझ्याकडे पाहिले, स्टुलाकडे पाहिले आणि खाटेच्या कडेवर बसली. म्हणजे आधी होती त्यापेक्षा हातभर जवळ! आईने सरकून तिला जागा करून दिली. पाठ दुखते म्हणून जी बाई माझ्यासाठी कूस बदलत नाही, ती हिच्यासाठी सरकली.

"ये गं पोरी," म्हणाली.

पोरी.

सिस्टरने आकडा विचारला. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दोन." मी सिस्टरकडे असे पाहिले की, झाले का समाधान? तिने तक्त्यावर काहीच लिहिले नाही. म्हणाली, "मी थोड्या वेळानं परत येते, मावशी." पकडली गेली म्हणून सटकली.

समोरच्या खाटेवरच्या आजींना सगळे दिसते. मला म्हणाल्या, "काय रे, स्टुलाला डिंक लावलायस का? जरा ऊठ, त्या पोरीला बसू दे." मी म्हटले, माझे पाय दुखतात. आजी म्हणाल्या, "तुझं काय दुखतंय ते दिसतंय मला. पाय नव्हे ते."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

मेट्रनबाई गुण टाइप करायला घेऊन आल्या. वर्गाआधी बहुतेक नर्सांना तीसपैकी अकरा-बारा होते. मेट्रनबाई मालकांना सांगत होत्या, "वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्या माझ्या मुली. सुई, सलाइन, ड्रेसिंग, डोळे मिटून करतील. पण हा विषय आम्हाला कुणी शिकवलाच नव्हता हो. रुग्ण विव्हळला की आम्ही म्हणायचो, जरा सोसा." चार वर्गांचा अभ्यासक्रम आहे. तीन झाल्यावर तोच कागद पुन्हा दिला, तर बहुतेकींना वीसच्या वर मिळाले.

स्टूलवालीला अठ्ठावीस. सगळ्यांत जास्त. तिचे नाव मलाच टाइप करावे लागले, तेही वरच्या ओळीत, ठळक अक्षरांत.

मालक बँकेत गेल्यावर मी एक कोरा कागद काढला आणि तीसही वाक्यांवर खुणा केल्या. मग मेट्रनबाईंच्या उत्तरांशी ताडून पाहिल्या. नऊ बरोबर आले. सातवे वाक्य चूक आहे म्हणे. दुखणाऱ्या माणसाला नीट मोजून दिले तर व्यसन लागत नाही. बाविसावे वाक्य 'रुग्णाला आजाराचे खरे न सांगितल्यास तो निश्चिंत राहतो.' तेही चूक. मी पुन्हा पुन्हा वाचले. उत्तरांचा कागद मीच टाइप केला होता, पण तेव्हा फक्त शुद्धलेखन पाहिले होते; एकही चूक दिसली नव्हती.

माझा कागद फाडून टाकला. मी काही नर्स नाही. मला नऊ पुरेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

आज हद्द झाली.

वॉर्डात गेलो तर आई रडत होती. सिस्टर स्टुलावर, आईचा हात तिच्या दोन्ही हातांत. मला पाहताच आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आलास? लवकर सुटलं आज दुकान?" सिस्टर उठून गेली. मी आईला विचारले काय झाले. "काही नाही रे, डोळ्यांत काहीतरी गेलं."

मी काय दूधखुळा आहे? हिने सांगितले. नक्की सांगितले. आम्ही जे दडवले ते हिने वर्गात शिकून येऊन आईच्या पदरात टाकले. बाविसावे वाक्य!

मी तडक दुकानात परत गेलो आणि तक्रार टाइप केली. चांगल्या जाड कागदावर. सिस्टर रुग्णाच्या खाटेवर बसते, आकडे वाढवून लिहिते, गरज नसताना डोस देते, रुग्णाला रडवते. एकूण चार मुद्दे. एकही शब्द अशुद्ध नाही.

मेट्रनबाईंनी उभ्याने वाचली. म्हणाल्या, "आईंच्या आजाराबद्दल तिनं एक शब्द काढलेला नाही. आईंनी काय विचारलं, ती काय म्हणाली, ते तिनं मला येऊन सांगितलंय."

"काय विचारलं आईनं?"

"ते तुम्ही आईंना विचारा."

माझ्या आईने काय विचारले ते रुग्णालयभर माहीत, मला नाही! मी म्हटले, तक्रार मागे घेणार नाही. त्या म्हणाल्या, "लेखी दिलंत की मला तिचा वॉर्ड बदलावाच लागतो. विचार करा." मी म्हटले, केला आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

स्टूलवालीची बदली झाली. वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात.

आता सगळे सुरळीत आहे. नवी सिस्टर येते, माझ्यासमोर विचारते, "दुखतंय का आजी?" आई म्हणते, "नाही." "आकडा?" "दोन." सिस्टर लिहिते दोन. माझ्या वहीत दोन, तक्त्यावर दोन. जादा डोस काल एकही नाही, आज एकही नाही. ही बिचारी अजून वर्गाला गेलेली नाही, पण आकडे बरोबर लिहिते.

आई जागी असते आता. मात्र बोलत नाही. मी म्हटले, "सायकलची गोष्ट सांग ना." ती म्हणाली, "कुठली सायकल? जा, घरी जाऊन जेव, झोप नीट." आल्यापासून तीनदा जा म्हणाली. हिला माझा कंटाळा आला आहे की काय? स्टूलवालीला कधी जा म्हणाली नव्हती.

रुग्णालयाच्या चादरींची अवस्था बघवत नाही. आईच्या चादरीची वरची किनार कोणीतरी चावल्यासारखी दिसते, धागे निघालेले. धोब्याकडे लक्ष द्यायला सांगितले पाहिजे.

२३ फेब्रुवारी, रविवार.

मामा आला. नेहमीसारखा दारातूनच, "काय अक्का, किती दिवस फुकटचं जेवण झोडणार?" आई हसली. मामा आधी गप्पा मारत होता, मग एकाएकी त्याचे बोलणे बंद पडले. आईकडे बघत राहिला. म्हणाला, "मी जरा बाहेर जाऊन येतो."

मी मागे गेलो. तो जिन्याजवळ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"तिचे ओठ बघितलेस का, भाच्या?"

"कोरडे पडलेत. मी मलम आणलंय."

"मलम काय लावतोस, गाढवा! चावलेत ते तिनं." मामाचा आवाज चिरकला. "तुझ्या वेळी दोन दिवस कळा देत होती ही. बाहेर आमचे वडील बसले होते, त्यांना घोर लागेल म्हणून हूं की चूं केलं नाही. दाई म्हणाली, अहो बाई, ओरडा की जरा. तेव्हाही ओठ असेच झाले होते."

"पण ती दोन म्हणते, मामा. रोज विचारतो मी."

"कोण विचारतो?"

"मी."

मामाने माझ्याकडे पाहिले. मग पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चल, चहा पिऊ."

मामाला काय म्हणायचे होते ते त्याने धड सांगितले नाही. त्याचे नेहमी असेच, निम्मे पोटात ठेवतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

दुपारी चष्मा आणायला गेलो. काल आईच्या उशाशी राहिला होता आणि चष्म्याशिवाय मला अनुस्वार दिसत नाहीत. रविवार सोडला तर मी दुपारी तिथे कधी जात नाही.

वॉर्डाच्या बाहेर कोणाचातरी आवाज येत होता. रडणे नव्हे. श्वास आत घेताना घशात काहीतरी अडकावे आणि सोडताना ते घासत बाहेर यावे, तसा. थांबायचा आणि परत. मला वाटले, समोरच्या आजी. वाईट वाटले. म्हातारपणी असे व्हायला नको.

आत पाहिले तर आजी खाटेवर उठून बसल्या होत्या आणि खिडकीकडे बघत होत्या.

आईची पाठ माझ्याकडे होती. चादर तोंडात होती.

मी, "आई," म्हटले. आवाज बंद झाला. नळ बंद करावा तसा. तिने हळूहळू मान वळवली, चादर खाली घेतली आणि हसली. अगदी नेहमीसारखी हसली. "तू रे? आत्ता कसा?"

"चष्मा राहिला होता."

"हा बघ. सांभाळून ठेवलाय."

मी विचारले, "आई, किती?"

"दोन," ती म्हणाली.

मी चष्मा घेतला. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. चष्मा लावायचे लक्षातच राहिले नाही. थोड्या वेळाने आतून पुन्हा आवाज यायला लागला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

वरच्या मजल्यावर गेलो. पुरुषांच्या वॉर्डात स्टूलवाली एका ट्रक-ड्रायव्हरच्या खाटेजवळ बसली होती. तो काहीतरी सांगत होता, ती ऐकत होती. मला आधी हेच वाटले की, ही सगळ्यांजवळ अशीच बसते. आई काही हिची खास नाही. त्याने बरे वाटले आणि मग आईसाठी वाईट वाटले.

ती बाहेर आली. मी शब्द जुळवून गेलो होतो, ते सगळे पळाले. म्हटले, "आई दोन म्हणते."

"कुणाला?"

"मला."

ती थांबली. पुन्हा तसेच, नुसते बघत. आधी मला याचाच राग यायचा. मग माझ्या तोंडून आपोआप निघाले, "तुम्हाला आठ म्हणायची. तुम्हाला का सांगते, मला का नाही? तुम्ही कोण तिच्या?"

"मी कुणीच नाही, दादा. म्हणून तर," ती म्हणाली. "मला आठ सांगितला की मी आठ लिहिते आणि औषध आणते. तुम्हाला सांगितला तर तुमचं काय होईल, याचा त्या विचार करतात."

"माझं काय होणार?"

"आत्ता काय झालंय?"

मी भिंतीकडे तोंड केले. तिने आतून स्टूल आणून ठेवले, मी त्यावर बसलो. ती उभीच राहिली.

मग म्हणाली, "मला परत खाली आणायचं तर मेट्रनशी बोला. ते होईल तेव्हा होईल. पण आज संध्याकाळी तुम्हीच विचारा. खाली बसून विचारा. विचारल्यावर गप्प राहा. दोन म्हणाल्या तर लगेच उठू नका. आणि मोठा आकडा आला तर तोंड पाडू नका. त्या आकडा सांगताना तुमच्या तोंडाकडे बघतात."

मी विचारले, "मग?"

"मग खालच्या सिस्टरला सांगा. ती डोस देईल. तुमच्याकडून आकडा आला तरी चालतो."

मेट्रनबाईंकडे जाऊन तक्रार मागे घेतली. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागले. म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. वर्गात आकडा कसा विचारायचा ते शिकवलं. कोणासमोर विचारायचा ते शिकवलं नाही. त्या नव्या मुलीनं तुमच्या देखतच विचारला ना?" पुढच्या तुकडीच्या कागदात एकतिसावे वाक्य घालायचे आहे. त्यांनी तोंडी सांगितले, मी टाइप केले: 'रुग्णाला वेदनेचा आकडा एकदा तरी घरच्यांच्या पाठीमागे विचारावा.' उत्तर: बरोबर.

संध्याकाळी विचारायचे धाडस झाले नाही. खालच्या सिस्टरला मात्र बाहेर गाठून माझ्यामागे विचारायला सांगितले. मी जिन्यात थांबलो आणि तिने आत जाऊन एकटीने विचारले. आई तिलाही दोनच म्हणाली. अनोळखी आहे ती. उभ्यानेच विचारत होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

सहा वाजता स्टूल खाटेच्या अगदी जवळ ओढून बसलो. विचारले, "आई, किती दुखतंय?"

"दोन."

मी उठलो नाही. काही बोललो नाही. गप्प बसणे इतके अवघड असते हे मला माहीत नव्हते. हाताचे काय करायचे ते कळत नव्हते. आईने विचारले, दुकानात काम फार आहे का. मी नुसते "हं" म्हटले. तिने विचारले, जेवलास का. "हं." समोरच्या आजींनी कूस बदलून आमच्याकडे पाठ केली. मुद्दाम केली.

आई म्हणाली, "असा का बसलायस मुक्यासारखा?"

"मी बसलोय, आई. मला कुठं जायचं नाहीये."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी तोंड सांभाळून ठेवले, हातात काठोकाठ भरलेला पेला असावा तसे.

"नऊ," ती म्हणाली.

मी म्हटले, "बरं." एवढेच म्हणायचे ठरवले होते. उठलो, सिस्टरला सांगितले, ती औषध घेऊन आली. मी परत येऊन बसलो. अर्ध्या तासाने आईच्या कपाळावरची घडी उलगडली. इतके दिवस मला ती सुरकुती वाटत होती.

मग ती डोळे मिटूनच बोलली. "सूजबीज काही नाही रे ती. मला माहीत आहे."

मी विचारले, "कोणी सांगितलं? सिस्टरनं?"

"ती कशाला सांगेल? मी विचारलं, तर म्हणाली, मुलाला विचारू का, मावशी? मी म्हटलं, नको, त्याला झेपायचं नाही." ती थोडी हसली. "तूच सांगितलंस. रोज संध्याकाळी दारातून आत येताना तुझं तोंड काय सांगत असतं! सुजेसाठी कुणी असं तोंड करतं का?"

त्या दिवशी ती रडत होती ते कशासाठी, हे मी आज विचारले. म्हणाली, "तुला स्वयंपाक येत नाही म्हणून." आणि मग, "आता रडायचं असेल तर रड. मी सोसते, तू पण सोस. उगाच दोघं चोरून कशाला?"

आम्ही रडलो. आजींनी पाठ फिरवलेलीच ठेवली.

घरी आल्यावर एक विचार मनात आला तो लिहितो, कारण इथे खरे लिहायचे असे ठरवले आहे. स्टूलवालीला आठ सांगितले होते. नऊ मला सांगितले. नऊ तिला कधीच सांगितले नव्हते.

हे वाटायला नको होते. पण वाटले.

२ मार्च, रविवार.

सिस्टर आमच्या वॉर्डात परत आली. आज दुपारी आईने आम्हा दोघांना सायकलची गोष्ट पुन्हा सांगितली. सिस्टर पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली, म्हणून मीही तसाच हसलो. या वेळी म्हशीऐवजी बैलाने पाडले होते. सिस्टरने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले. दोघांनीही चूक दुरुस्त केली नाही.

डॉक्टर म्हणतात, दिवस फार नाहीत. आईला हे मी सांगितले. तिने विचारले होते. स्टुलावर बसून सांगितले.

आता आम्ही दोघे एका वेळी आलो तर एकाला उभे राहावे लागते. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लाकडी स्टूल घेतले आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला ठेवले. आई म्हणाली, "आता भांडू नका." रुग्णालयाच्या स्टुलापेक्षा ते बोटभर उंच आहे. मुद्दाम घेतले नाही, दुकानात तेवढेच होते.

त्यावर मी बसतो.

संध्याकाळी सिस्टरने विचारले, किती? मग ती बाहेर गेल्यावर मी विचारले, किती? दोन्ही वेळा आई चार म्हणाली. खरे असावे.

खर्च: स्टूल ४५०. ओठांचे मलम ६०. तक्रारीचा जाड कागद, माझ्या पगारातून, १५.

देणे: मामाचे ८,०००. मालकांची उचल ३,५००. सिस्टरचा एक चहा. तिने आज पैसे देऊ दिले नाहीत, उद्या मी आधी पोचेन.